अर्धे ठोकलेले खिळे

सकाळपासून धुकं असं साचलं होतं की हाकेवरची भिंतही दिसेना. सुतारकाका दमट फळ्या खांद्यावर घेऊन गल्लीच्या मागच्या तोंडाशी आले. आत अकरा जण साथीच्या तापाने पडले होते. मुकादमाने बजावलं होतं, मांजरसुद्धा बाहेर पडता कामा नये. पलीकडच्या गल्लीत अजून कुणी आजारी नव्हतं, आणि तिथेच काकांच्या धाकट्या बहिणीचं घर होतं, दाजींचं किराणा दुकान होतं.

काकांनी फळ्या ठोकल्या, पण खिळे अर्धेच. चाळीस वर्षांची सवय. तात्पुरतं काम म्हटलं की खिळ्याचं डोकं वर ठेवायचं, म्हणजे उद्या पकडीने अलगद उपसता येतो, फळी चिरत नाही. फळ्या त्यांच्या स्वतःच्या होत्या, सागवानी. माणसापेक्षा लाकडाला जपणारा गडी.

तिसऱ्या दिवशी आतल्यांनी खालची फळी नुसत्या हाताने काढली. त्यातून वाकून जायचे, दाजींकडून साखर-विडी आणायचे, फळी परत लावून ठेवायचे. काकांच्या कानावर आलं तसे ते हातोडी घेऊन निघाले. दाजींनी वाटेतच अडवलं.

"राहू द्या हो. तुमच्या फळीच्या कृपेनं चार गिऱ्हाइकं येताहेत. नाहीतर दुकानात मी आणि माश्या."

दाजींचा शब्द कसा मोडायचा, असं म्हणत काका माघारी फिरले. फळीही वाचली होती.

दहा दिवसांत दाजी तापले, मागोमाग सात घरं. दाजींना गाडीतून नेलं ते नेलंच, तोंडही कुणाला पाहू दिलं नाही. मग मुकादमाने दोन्ही गल्ल्यांना पत्रे ठोकले, आणि त्यापुढच्या गल्लीत एकही माणूस आजारी पडला नाही.

बंदी उठल्यावर काका बहिणीकडे गेले. तिने पाणी विचारलं नाही. लोकांना शिस्तच नाही, असं ते बराच वेळ सांगत राहिले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"दादा, माझं कपाट तूच केलंस ना? पंचवीस वर्षांत एक खिळा हलला नाही त्याचा."

दाजींनीच अडवलं होतं, हे काकांच्या ओठांवर आलं. पण गेलेल्या माणसावर ढकलायला जीभ रेटेना.

दुकानाचं दार खाली घासतंय, तेवढं बघून जा, असं म्हणून ती आत गेली. काकांनी दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, आडवं घातलं आणि खालच्या कडेला रंधा मारायला बसले.