जपूनमामांची मागची खोली

मामांचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नसे. ते न्हावी. वस्तरा मानेला टेकवण्याआधी दर वेळी म्हणत, "जपून हं, हलू नका." गिऱ्हाईक हलत नसे, त्याचा श्वासही हलत नसे. त्यावरून नाव पडलं जपूनमामा. मामी म्हणायच्या, "नाव जपून, आणि घरात पाय ठेवायला जागा नाही."

जागा नव्हती ती एका दाढीमुळे. तोंडाला साबण लावून बसलेल्या गिऱ्हाइकाने सांगितलं, की कुणीतरी जुना मोबाइल कचऱ्यात टाकला, गाडीत त्याची बॅटरी चेपली आणि अख्खी गाडी पेटली. मामांचा वस्तरा हवेतच थांबला. तेव्हापासून त्यांनी एकही मेलेला सेल कचऱ्यात टाकला नाही. दोन्ही टोकांना लाल चिकटपट्टी लावायची आणि बिस्किटांच्या निळ्या डब्यात निजवायचा. आरशासमोर बसेल त्याला हे ऐकावंच लागे. मान मामांच्या हातात असल्यावर कोण वाद घालणार?

झालं! लोक केस कापायला पिशव्या घेऊन येऊ लागले. "मामा, कटिंग होईपर्यंत इथे असू दे," म्हणत, आणि डोकं हलकं करून जाताना पिशवी विसरत. कुणाची गेलेली ट्यूबलाइट, कुणाचा पाऱ्याचा थर्मामीटर, थिनरचा अर्धा डबा, पोट फुगलेले मोबाइल. नाही म्हणणं मामांच्या जिभेला ठाऊकच नव्हतं. दुकान बंद करताना ते सगळं काखोटीला मारून घरी येत आणि मागच्या खोलीत ठेवत.

ती खोली मामींची व्हायची होती. त्या कपडे शिवत, आणि त्यांचं मशीन होतं स्वयंपाकघरात, शेगडीला खेटून. "माझ्याकडच्या बायका कांद्याच्या वासाचे ब्लाउज घालून लग्नाला जातात," त्या म्हणत. "काल एकीच्या बाहीला हळद लागली. ती म्हणाली, डिझाइन छान आहे!"

एके दिवशी बातमी आली, की घातक कचरा आणि जुनी उपकरणं न्यायला रविवारी चौकात गाडी येणार, दुपारपर्यंत थांबणार.

"अहो," मामी म्हणाल्या, "रविवारी खोली रिकामी झाली तर माझी. नाही झाली तर मशीन उचलते आणि ताईकडे जाते."

"खरंच जाशील?"

"आधी मशीन जाईल. मग मी. त्या दिवशी संध्याकाळी शाळेतल्या पोरींचं नाटक आहे. फुलपाखरांचे पंख शिवायचेत, आणि ते मी त्याच खोलीत शिवणार."

रविवारी मामांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. इतकी वर्षं काही न सोडलेल्या माणसाला सोडण्याची नशा चढली होती. हातात चिकटपट्टी घेऊन ते खोलीभर नाचत होते. दिसेल त्या डब्याला पट्टी, दिसेल त्या नळीला वर्तमानपत्र. भाजीवाल्याच्या हातगाडीने खेपा झाल्या. दुपारी खोलीत उरला फक्त उजेड, भिंतीला टेकून उभा, आत येऊ की नको अशा बेतात असलेल्या पाहुण्यासारखा.

मामी आत गेल्या, हात पसरून गिरकी घेतली, पुन्हा एक घेतली. आणि थांबल्या.

"अहो, माझा डबा?"

"कुठला?"

"निळा. बिस्किटांचा. सकाळीच खिडकीत ठेवला होता, खोलीवर हक्क म्हणून!"

मामांनी हातातल्या चिकटपट्टीकडे पाहिलं. "अगं, निळे सगळेच होते."

त्या डब्यात मशीनची बॉबिन केस होती, खालच्या दोऱ्याची डबी. ती नाही तर मशीन म्हणजे नुसतं लोखंड, आणि पंखांविना पोरी म्हणजे नुसत्या अळ्या. दोघं चौकात धावली, तर गाडी कचरा वेगळा करतात त्या गोदामाकडे निघून गेलेली.

मामांनी स्कूटर काढली. ह्या स्कूटरने आजवर सायकललाही मागे टाकलं नव्हतं. आज तिने रिक्षा मागे टाकली, मग टेम्पो, मग एक चिडलेला कुत्रा. मामी पाठीमागून ओरडल्या, "जपून! अहो, जपून!" आणि हा शब्द आपल्या तोंडून निघाल्याचं लक्षात येताच इतक्या हसल्या, की स्कूटर डुलू लागली. मामाही हसू लागले. सिग्नलवरचा हवालदार शिट्टी वाजवायचीच विसरला.

गोदामात जाड हातमोजे घातलेली एक बाई टेबलावर डबे उघडत होती.

"लाल पट्टीवाले तुम्हीच का?" तिने विचारलं. "सेल छान बांधलेत. पण फुगलेल्या बॅटऱ्या आणि थिनर एकाच बंद खोलीत? उन्हाळ्यात?"

"जपून ठेवले होते," मामा पुटपुटले.

"काका, अजून थोडं जपलं असतं तर छप्पर शेजारच्या गल्लीत सापडलं असतं!"

मामा मटकन खुर्चीवर बसले. मामींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने त्या डबे चाळू लागल्या. सेल, सेल, रिमोट, सेल, आणि एका डब्यात बटणं, सुया, बॉबिन केस.

"हे कसलं घातक?" बाईने विचारलं.

"ते हिच्या हातात गेलं की होतं," मामा म्हणाले.

निघताना बाईने त्यांना झाकणाचं एक पिंप दिलं. "हे दुकानात ठेवा. फक्त सेल. ट्यूब, थिनर, फुगलेली बॅटरी घेऊन कुणी आलं तर सरळ इथला पत्ता सांगा. पिंप आम्ही येऊन रिकामं करू. घरी काही न्यायचं नाही."

"नेलं तर?" मामींनी विचारलं.

"तर काकू, तुम्ही मला फोन करा."

संध्याकाळ व्हायच्या आत मागच्या खोलीत मशीन धडधडू लागलं. पिवळे पंख जमिनीवर साचत गेले, पंख्याच्या वाऱ्याने फडफडू लागले. मामा दाराशी आले.

"चप्पल बाहेर," मामी मान वर न करता म्हणाल्या. "हात दाखवा."

मामांनी रिकामे हात दाखवले.

"खिसा."

खिशातून एक सेल निघाला, दोन्ही टोकांना ताजी लाल पट्टी.

"अगं, भिंतीवरच्या घड्याळातला आहे. आत्ताच गेला. म्हटलं, एकच..."

मामींनी मशीन थांबवलं नाही. पिवळ्या पंखांमधून नुसतं बोट वर केलं, दुकानातल्या पिंपाच्या दिशेने. मामा वळले आणि निघाले. गल्लीत लोकांनी पाहिलं, तर मामा सेल हातात धरून उड्या मारत चालले होते.