दोन किलोच्या आतली जीप

पाठीच्या ऑपरेशननंतर बाराव्या आठवड्यात केसरीनाथ तरे यांना फिजिओथेरपीच्या बाईंनी तीन गोष्टी पुन्हा बजावल्या. वाकायचं नाही, उचलायचं नाही, कंबरेतून वळायचं नाही. उचलायचंच झालं तर दोन किलोपर्यंत, तेही छातीशी धरून. सलग बसायचं ते वीस मिनिटं, पाठ टेकवून. केसरीनाथांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि ब्रेकचं काम?"

"कसले ब्रेक?"

"जीपचे."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग सोबत आलेल्या सुनेकडे, म्हणजे मृणालीकडे पाहिलं. "यांना सांभाळा," असं त्या मृणालीला म्हणाल्या.

जीप १९९६ सालची. अंजूरला तरेंच्या घरामागे, भेंडीच्या झाडाखाली ती जानेवारीपासून उभी होती. मागच्या ब्रेकचं ऑइल कुठूनतरी गळत होतं आणि पेडल दाबलं की पाय थेट तळाला जाई. गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, ती मुदत मेअखेर संपत होती. आरटीओची तपासणीची तारीख सत्तावीस मे. मुलाचं, भाविकचं म्हणणं सरळ होतं. त्या दिवशी गाडी तपासणीला उभी राहिली तर ठीक, नाहीतर भंगारात. गॅरेजवाला बोलावण्याचा विषय दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा केसरीनाथांनी तो मोडून काढला. बावीस वर्षं त्या गाडीत माणसं बसवली, त्या काळात ब्रेकला दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता. आता तर नाहीच.

ती माणसं त्यांना अजून आठवत. भिवंडीच्या स्टँडजवळून अंबाडीमार्गे वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडांपर्यंत, दिवसाला तीन फेऱ्या. गाडी कागदोपत्री खासगी, धंदा शेअर जीपचा. त्या काळी तिथे उभ्या असणाऱ्या निम्म्या जीप तशाच होत्या. आत बारा, मागे लटकलेले तीन. जाताना गुडघे धरलेली, कंबर धरलेली माणसं. खड्डा आला की मागून एकदम "आई गं" व्हायचं आणि केसरीनाथ मागे न बघता म्हणायचे, "कुंडात उतरलात की कळ राहायची न्हाय, थोडी कळ काढा." परतताना तीच माणसं ओल्या केसांची, गंधकाच्या वासाची, झोपाळलेली. रेक्झिनच्या सीटा उन्हाळ्यातसुद्धा वाळत नसत. मे महिन्यात अंबाडीला करवंदांच्या पाट्या घेऊन बाया चढत आणि उतरताना एक द्रोण पुढच्या काचेखाली ठेवून जात. दुपारच्या फेरीला करवंदं उन्हाने मऊ झालेली असत. केसरीनाथ एका हाताने स्टिअरिंग धरून ती खात आणि बिया खिडकीतून टाकत.

गाडीचं काम ते निजामपुऱ्यात शिकले. मोहियुद्दीन उस्तादांचं दुकान पॉवरलूमच्या गल्लीत होतं, दोन्ही बाजूंना कारखाने. चोवीस तास खडखडाट. इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणं तिथे शक्यच नव्हतं, कानाला तोंड लावून बोललं तरी ऐकू येत नसे. म्हणून उस्ताद हाताने ऐकत. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ जबड्याला, नाहीतर तळवा सरळ चाकाच्या मधल्या हबवर. "कान तो सब के पास हैं," ते ओरडून सांगत, "तू हाथ से सुन." केसरीनाथांना ते जमायला दोन वर्षं लागली. पुढे शांत जागी काम करायची वेळ आली तरी त्यांचा तळवा आधी जाई, कान नंतर.

उस्तादांचा दुसरा नियम चाकाचा. चाक काढलं की ते बाजूला टेकवायचं नाही, आडवं करून गाडीखाली सरकवायचं. जॅक दगा देईल, चाक देणार नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, एका सकाळी अकराच्या सुमारास घरात कोणी नव्हतं. भाविक ड्युटीवर, मृणाली गोडाऊनमध्ये पहिल्या शिफ्टला, बायको सीताबाई बाजारात. केसरीनाथांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. वाकायचं नाही, उचलायचं नाही, वळायचं नाही. पाठीवर झोपायचं नाही असं कोणी म्हटलेलं नव्हतं. उलट झोपायला तर सांगितलंच होतं.

स्टुलावर बसून त्यांनी जॅक लावला. मागच्या चाकाचे नट लांब पाइप घालून सैल केले. चाक उचललं नाही, लोटत लोटत झाडापर्यंत नेलं आणि तिथे टेकवलं. ते आडवं करायला वाकावं लागलं असतं. मग गोणपाट अंथरलं, भेंडीच्या बुंध्याला धरून त्यावर बसले, कुशीवर होऊन पाठीवर आले आणि पायांनी जमीन रेटत खाली सरकले. ऑइलचा माग त्यांना लगेच सापडला. पाइपचा जोड पाझरत होता, मागच्या डाव्या चाकाच्या आत. एवढंच होतं तर! त्यांना जानेवारीनंतर पहिल्यांदा बरं वाटलं.

तेवढ्यात रस्त्यावरून कंटेनर गेला.

ही जागा म्हणजे तरेंचं खाचर. इथे केसरीनाथांनी गुडघाभर चिखलात भात लावला होता. गोडाऊनचा रस्ता झाला तेव्हा वर मुरूम पडला, रोलर फिरला आणि सगळे ह्याला अंगण म्हणू लागले. पण मुरमाखाली चिखलच होता, आणि अंजुरातल्या कुठल्याही माणसाला ठाऊक होतं की भरावावर काही उभं करायचं तर आधी फळी टाकायची. केसरीनाथांनी फळी टाकली नव्हती. जॅकचा तळ एका बाजूने रुतला. डोळ्यांसमोरचा ॲक्सल दोन बोटं खाली आला आणि थांबला.

बाहेर यायचं तर आधी कुशीवर व्हायला हवं आणि कुशीवर व्हायला आता वर जागा नव्हती. ते पडून राहिले. दुसरा कंटेनर आला आणि गेला. ॲक्सलवरच्या गंजाचे कण त्यांच्या ओठांवर पडले, ते त्यांनी फुंकून उडवले. लोक पाठीचं दुखणं घेऊन आपल्या गाडीत बसायचे, आणि आपण पाठीचं दुखणं घेऊन गाडीखाली, हे त्यांच्या मनात येऊन गेलं. हसू आलं नाही.

सीताबाई बाजारातून आल्या त्या मागच्या दाराने. जीपखालून पाय बाहेर आलेले दिसले, जॅक कललेला दिसला. त्यांनी आरडाओरडा केला नाही.

"हालू नका."

"चाक," खालून आवाज आला. "झाडाजवलचा चाक आडवा कर. सरकव आत."

वीस-बावीस किलोचं चाक. तीस वर्षं डोक्यावर मासळीची पाटी वाहिलेल्या बाईने ते पाडलं, पायाने ढकललं आणि चेसिसखाली, नवऱ्याच्या कंबरेशेजारी नेऊन बसवलं. मग त्या गोणपाटाच्या टोकाशी गेल्या, दोन्ही टोकं मुठीत धरली आणि खाडीच्या चिखलात होडी ओढतात तशी नवऱ्यासकट गोणपाट सरळ मागे ओढलं. पाठ कुठे वाकली नाही, कुठे वळली नाही. फिजिओथेरपीच्या बाईंच्या नियमाप्रमाणेच सगळं झालं.

केसरीनाथ उन्हात पडून होते. सीताबाई धापा टाकत खाली बसल्या.

"चिखलातला निवटा मासा बरा," त्या म्हणाल्या. "त्याला बीळ कवा सोडावा ते तरी कलतं."

संध्याकाळी घरात बैठक झाली. भाविकने भंगारवाल्याचा नंबर काढून फोन पुढे ठेवला. केसरीनाथ भिंतीला टेकून उभे होते. मृणालीने फोन उलटा करून ठेवला.

"मी करते," ती म्हणाली. "गोडाऊनला माल चढवायच्या डॉकवर रोज हेच करायला लावते पोरांना. ट्रकला ठोकळे लावल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही. बाबांनी फक्त सांगायचं."

"या गाडीच्या ब्रेकला बाईचा हात लागला न्हाय अजून," केसरीनाथ म्हणाले.

"गारीनं बायांचा वजन वायला तवा चाललं?" आतून सीताबाई म्हणाल्या.

भाविक हसला. एवढ्या वर्षांत गाडीने कोणाचा जीव घेतला नाही, ते ब्रेकला आपलाच हात होता म्हणून, अशी केसरीनाथांची समजूत होती. आणि त्याच हाताने सकाळी फळी टाकली नव्हती. "बरं," ते म्हणाले. "पन मी सांगीन तसं."

बुधवारी मृणालीची सुट्टी. आधी भाविक आणि शेजारच्या रामनाथने जीप ढकलून घरापुढच्या काँक्रीटवर आणली. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे. जॅक फक्त उचलण्यापुरता, मग चेसिसखाली दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड, ज्याला मेकॅनिक घोडी म्हणतात. काढलेली चाकं आडवी करून खाली. मृणालीने गोडाऊनचे जाड बूट घातले होते. केसरीनाथांसाठी उंच पाटाची खुर्ची आणि समोर कंबरेइतक्या उंचीवर जेवणाचं टेबल, त्यावर जुनी चादर.

टेबलावर काय जाणार ते सीताबाई ठरवत. मासळी विकून त्यांचा हातच तराजू झालेला. प्रत्येक वस्तू त्या आधी तळव्यावर तोलत.

"यो डबा?"

"ड्रम हाय तो."

"साडेनऊ किलो. हात लावू नका." मग ड्रमला आतून दाबणाऱ्या ब्रेक शूची जोडी तोलली. "सव्वा किलो. घ्या, पुसत बसा."

"मोठी आली काटेवाली," केसरीनाथ म्हणाले, पण घेतली.

दर वीस मिनिटांनी ते उठत, फाटकापर्यंत चालून येत. तेवढ्यात मृणालीने काही चुकीचं केलं तर नाही ना, म्हणून चालताना मान मागे वळे, आणि सीताबाई ओरडत, "अख्खं फिरा, नुसती मान नको!"

मृणालीने नवा पाइप लावला, शू बसवले, ड्रम चढवला. हाताने फिरवून बघितला.

"आवाज येतोय का घासल्याचा?" तिने विचारलं.

"आवाज सोड. हात ठेव. तळवा. आता फिरव." ती फिरवत राहिली. "एका जागी अडतोय? प्रत्येक फेरीला?"

"हो... हो. इथे. अगदी बारीक."

"निजामपुऱ्यात मना दोन वर्षं लागली यला," ते म्हणाले.

शेवटचं काम ब्रेकच्या ऑइलमधली हवा काढायचं. ते दोघांचं. एकाने आत बसून पेडल मारायचं, दुसऱ्याने चाकाशी हवा सोडायचा निपल उघडायचा. केसरीनाथ स्वतःच्या सीटवर बसले, पाठीला उशी. पायाने दाबायची परवानगी मृणालीने फिजिओथेरपीच्या बाईंना फोन करून घेतली होती. आजवर ते चाकाशी असत आणि हुकूम सोडत. आज हुकूम बाहेरून येत होते.

"दाबा. दाबा. दाबा. धरा! ... बुडबुडे येतायत. सोडा. बाबा, मी बंद म्हटल्यावर सोडायचं, आधी नाही."

"बोल तू. मना ठाव हाय."

"ठाऊक आहे तर आधी का सोडलं?"

मागचं डावं चाक, मग मागचं उजवं, मग पुढची. पहिल्यांदा पेडल तळाला गेलं. नंतर अर्ध्यावर. पुढच्या डाव्या चाकाला असताना पायाखाली काहीतरी घट्ट झालं, जसा भरती चढताना नांगराचा दोर ताणला जातो तसं. केसरीनाथांनी पुन्हा दाबून पाहिलं. त्यांच्या मागे जणू पंधरा माणसं बसलेली होती आणि अंबाडीचा उतार समोर होता. अशा पेडलावर त्यांनी तो उतार घेतला असता.

"आलं?" मृणालीने विचारलं.

"आलं."

सत्तावीस तारखेला जीप मृणालीने चालवत नेली. आरटीओच्या मैदानावर केसरीनाथ कडेला उभे राहिले. निरीक्षक तरुण होता. तो शेजारच्या सीटवर बसला, मृणालीने वेग घेतला आणि थांबायची खूण म्हणून त्याने टपावर थाप मारली. जीप थांबली. सरळ थांबली, ना डावीकडे ओढ, ना उजवीकडे. तीस वर्षांच्या गाडीकडून निरीक्षकाची ती अपेक्षा नसावी, कारण त्याने पुन्हा एकदा करायला लावलं. पुन्हा तशीच थांबली.

तो उतरून कागदांपाशी आला. "ब्रेक कोणत्या गॅरेजला केले, काका?"

केसरीनाथांनी तोंड उघडलं. बावीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे एकच होतं, आणि ते जिभेवर आलंही.

"हिने," ते म्हणाले.

निरीक्षकाने मृणालीकडे पाहिलं, तिच्या बुटांकडे पाहिलं, आणि सही केली. मुदत मे २०३१.

केसरीनाथ सवयीने उजव्या दाराशी गेले. मृणाली आत बसलेली होती. ते तसेच अख्खे वळले, बॉनेटवर हात ठेवून पुढून वळसा घातला आणि डावीकडच्या दाराने चढले.

"चल," ते म्हणाले. "आणि घाटातल्यासारखी दुसऱ्या गिअरवर रडवू नको तिला. तिसरा टाक."