न कापलेली सुतळी

“थांबा गुरुजी. आधी तिले पाहू द्या.”

गाठ हातात आली की आमच्या शाळेचा शिपाई पहिल्यांदा एवढंच म्हणायचा. मग उकिडवा बसून ती गाठ डोळ्यांपाशी धरायचा, एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने फिरवायचा. पाहणाऱ्याचा जीव वर-खाली व्हायचा, पण त्याला घाई म्हणून नसे.

पंचावन्न-छप्पन साल असेल. किन्हीराजाच्या शाळेत मी नवा मास्तर, आणि गावात नाडीचे बूट घालणारा एकटाच. बूट वर्गाबाहेर काढून ठेवले की पोरं दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींत गुंतवून निरगाठ मारत. मी चिडून ओढायचो, गाठ आणखी आवळायची. तो माझ्या हातातून बूट काढून घ्यायचा. “ओढू नोका, ढकला. आली तशीच वापस जाईन ते.” बाभळीच्या काट्याने एक फेरा सैल करायचा, टोक आत सारायचा, की गाठ मोकळी. चड्डीच्या नाडीला गाठ बसलेलं पोरगं पाय आवळून त्याच्याकडेच धावायचं. तिथेही तो आधी पाहायचाच. एक-दोघांची चड्डी त्या पाहण्यात ओली झालेली मी स्वतः पाहिली आहे.

पण गाठ कापायची नाही. एकदा अकोल्याहून पुस्तकांचं पार्सल आलं, ते नेमकं तपासणीच्या दिवशी. साहेबांनी खिशातून चाकू काढला. याने पार्सल उचलून सरळ छातीशी धरलं. साहेब घड्याळाकडे पाहत बसले, मी साहेबांकडे. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. पाव तासाने सुतळी सुटली, तिचा नीट गुंडा झाला आणि साहेब माझ्या नावावर ‘शिस्त कमी’ असा शेरा मारून गेले. मी शिपायाला वाट्टेल तसं बोललो. त्याने मुकाट ऐकून घेतलं, पण का कापायची नाही ते सांगितलं नाही.

ते कळलं माझ्या बायकोच्या बाळंतपणात.

तिला आई नव्हती, म्हणून पहिलटकरीण असूनही ती माहेरी गेली नाही. सोमवारी पहाटे कळा सुरू झाल्या, मंगळवारची दुपार झाली तरी सुटका होईना. मालेगावच्या दवाखान्यात न्यायला बैलगाडी दारात आणून ठेवली होती, पण सुईण म्हणाली, आता गाडीत घातलं तर वाटेतच जाईल. मग तिने तिकडची रीत सांगितली. घरातली एकूणएक गाठ सोडा, कुलपं उघडा. आणि सोडायची ती हाताने, गाठीला शस्त्र लावायचं नाही. एरवी मी हसलो असतो. पोरांना विज्ञान शिकवणारा माणूस मी. पण आतून येणारं बायकोचं कण्हणं आता बारीक होत चाललं होतं. मी धावत जाऊन शिपायाला घेऊन आलो.

तो कामाला लागला. पोत्यांची तोंडं, कपडे वाळत घालायची दोरी, बाजेची सुतळी. माझ्या मेव्हणीने पाठवलेल्या बाळंतविड्याचं गाठोडं कोपऱ्यात तसंच होतं, सुतळीने करकचून आवळलेलं. ते मी घेतलं.

“माह्या घरी बी अशीच बसली होती सुईन,” तो बाजेवरून मान वर न करता म्हणाला. “बावीस वर्सं झाली. सगळ्या सोडल्या, एक राह्यली होती. ते आतून वरडून राह्यली होती. मले दम निंगाला नाही, गुरुजी. म्या इळा लावला.”

पुढचं मी विचारलं नाही. त्याच्या घरात बायको नव्हती की मूल नव्हतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

बाज झाल्यावर तो गाडीच्या दोऱ्या सोडायला बाहेर गेला. माझी गाठ जागची हलत नव्हती. पेन्सिली तासायचा चाकू हाताशी होता, तो मी उघडला आणि पातं सुतळीवर टेकवलं. तेवढ्यात आतला आवाज एकदम थांबला. मी कापलं नाही. माझी पाचावर धारण बसली होती. चाकू फेकून नखांनी, दातांनी ती गाठ सोडवली. बोटातून रक्त आलं. थोड्या वेळाने आतून मूल रडलं. मुलगी होती, आईही वाचली. मला मात्र माझीच लाज वाटली आणि ती सुतळी मी चुलीत टाकली. संध्याकाळी शिपाई गुंडा करायला ती शोधत होता, त्याला सापडली नाही.

मुलगी पाच महिन्यांची असताना इंझोरीचा एक माणूस निरोप घेऊन आला. शिपायाची सासू अंथरुणाला खिळली होती, जावयाला एकदा पाहायचं म्हणत होती. बावीस वर्षांत हा तिकडे फिरकला नव्हता. निरोप्या गेला तसा तो माझ्या ओसरीवर येऊन बसला.

“कोन्या तोंडानं जाऊ? तिची पोरगी म्या मारली.”

मी त्याला खूप समजावलं. सुतळीचा आणि बाळंतपणाचा काही संबंध नसतो, हे दहा परींनी सांगितलं. तो ऐकत होता, पण हलत नव्हता. म्हातारीकडे दिवस किती उरलेत कोणाला ठाऊक. शेवटी मी म्हणालो, “दादा, त्या दिवशी तुम्ही बाहेर होतात ना, तेव्हा बाळंतविड्याची सुतळी मी कापली. चाकूने. तुम्हाला सापडू नये म्हणून चुलीत टाकली.”

त्याची नजर मुलीवर गेली. मुलगी माझ्या मांडीवर होती, सदऱ्याचं बटण ओढत होती.

“पोरीच्या डोक्यावर हात ठिवून सांगा.”

तुम्ही म्हणाल, शिकलेल्या माणसाला त्यात काय अवघड? पण साध्या सुतळीवर पातं चालवायची ज्याची छाती झाली नाही, तोच माणूस तिथे बसला होता. बायको आत स्वयंपाकात होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं. मी हात ठेवला. टाळू अजून भरली नव्हती, ती तळहाताखाली उडत होती.

“कापली,” मी म्हणालो.

“म्हंजे ते माह्यानं नाही गेली,” तो हळूच म्हणाला, आणि तोंडावर दुपट्टा घेऊन रडला. मग उठला आणि मोटार धरायला मालेगावच्या रस्त्याला लागला.

म्हातारी पुढे दोन महिने जगली. तिचं सगळं त्यानेच केलं, असं कानावर आलं. नंतर तो इंझोरीलाच राहिला. शाळेला दुसरा शिपाई मिळाला, पुढे माझीही बदली झाली आणि तो पुन्हा दिसला नाही.

त्याच वर्षी मुलीला गोवर आला. तीन दिवस ताप उतरेना. मी तिच्याजवळ बसू शकलो नाही, अंगणात फेऱ्या मारत राहिलो. बायकोला वाटलं, कसला दगडाचा बाप आहे हा. मुलगी त्यातून उठली. शिकली, लग्न झालं, तिला मुलंही झाली. माहेरी आली की निघताना ती माझ्या पाया पडायला वाकते. मी तिची पाठ थोपटतो. डोक्यावर हात ठेवत नाही.