आईबरोबरचे किल्ले

आईचं माहेर धारूरचं. किल्ला घरापासून हाकेच्या अंतरावर, तरी लग्न होईपर्यंत तिनं तो आतून पाहिला नव्हता. तिचे भाऊ तिथं पोहायला जायचे, सीताफळं घेऊन यायचे. मुलींनी मात्र तिकडं फिरकायचं नाही, असा घरचा दंडक होता.

हे मला कळलं तेव्हा मी अंबाजोगाईला कॉलेजात होते. आमच्या गावात नुकतीच केबल आली होती. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी टीव्हीवर परदेशातला कुठलासा किल्ला बघत होतो. खंदकात पाणी, पाण्यात हंस. बघता बघता ती म्हणाली, "आमच्या गावाला बी हाय की किल्ला. मी न्हाई बघितला."

भाऊबीजेला धारूरला गेलो. ओवाळणं झालं, जेवणं झाली, मामा आडवे झाले. मी आईला म्हटलं, "चल."

मामांनी डोळे न उघडताच विचारलं, "कावून? काय हाय तिथं? पडक्या भिंती."

"तुला त्या सगळ्या पाठ हायेत," आई म्हणाली. "मला एकदा तरी बघू दे."

दरवाजातून आत शिरताना तिनं पदर खोचला आणि चप्पल हातात घेतली. देवळात शिरल्यासारखी. आत दोन तलाव आहेत, एक खाऱ्या पाण्याचा, एक गोड्या, हे ती लहानपणापासून भावांकडून ऐकत आली होती. मी नको नको म्हणत असताना तिनं ओंजळभर पाणी जिभेला लावलं. "खारंच हाय," म्हणाली. भावांनी इतकी वर्षं थापा मारल्या नव्हत्या, याचंच तिला समाधान वाटलेलं दिसलं.

तटावरून तिला आपलं घर दिसलं. गच्चीवर मामी कपडे वाळत घालत होत्या. आई बराच वेळ बघत राहिली.

"लई जवळ होतं गं," एवढंच ती म्हणाली.

उतरताना तिनं झाडावरची सीताफळं स्वतः तोडली. घरी टोपली भरलेली होती, तरी पदरात घेऊन आली.

त्यानंतर दर दिवाळीला एक किल्ला ठरला. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, किराणा दुकान. त्यांना हे खूळ पटेना. "लोक सुट्टीत देवाला जातात, तुमी खंदकाला चालल्या," म्हणायचे. तरी एस.टी.त बसवायला यायचे, खिडकीतून शेंगदाण्याची पुडी द्यायचे. परांड्याला आई एका तोफेला हात लावून उभी राहिली. उन्हानं तोफ तापली होती, तिनं चटकन हात काढला आणि हसली. तिला इतकं मोकळं हसताना मी घरात पाहिलं नव्हतं. मला तेव्हापासून किल्ल्यांपेक्षा तिच्या त्या हसण्याचीच ओढ लागली.

नळदुर्गला अप्पाही आले, दुकान बंद ठेवून. पाऊस कमी झाला होता. बंधाऱ्यावरून पाणी पडत नव्हतं. बंधाऱ्याच्या पोटातच बांधलेल्या पाणी महालाच्या खिडकीत बसलं की समोरून धबधबा कोसळतो, असं आईनं ऐकलेलं. समोर कोरडा दगड. ती तरीही खिडकीत बसली. अप्पा थोडा वेळ उभे राहिले आणि मग तिच्या शेजारी टेकले.

"पाणी असताना येऊ," ते म्हणाले.

"तुमी याल?"

"येईन की."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी नाशिकला गेले. पुढच्या दिवाळीला मला निघता आलं नाही, दिवस गेले होते. एका संध्याकाळी घरमालकांकडे माझ्यासाठी फोन आला. आई दुकानासमोरच्या एस.टी.डी. बूथवरून बोलत होती. दोघं दौलताबादला जाऊन आले होते. अंधारीच्या, म्हणजे वर जाणाऱ्या काळोख्या भुयारी वाटेच्या, तोंडाशी अप्पांचे गुडघे बोलायला लागले, ते खालीच बसले. आई एका शाळेच्या सहलीबरोबर मशालीच्या उजेडात पुढं गेली. अनोळखी पोरीचा हात धरून.

"शेवटपर्यंत गेलते मी," ती म्हणाली. आवाजात धाप होती, जणू अजून चढतच होती.

"वरून काय दिसलं?"

"ते असं फोनवर सांगता येतं का? तू आलीस की सांगते."

बाळंतपणाला मी माहेरी गेले. डिंकाचे लाडू, बाळाची मालिश, पाहुणे. किल्ल्याचं बोलणं राहून गेलं. मलाही वाटलं, आई कुठं जातेय. पुढं तिला दम लागायला लागला, चढ बंद झाला. नळदुर्गचं पाणीही तिनं पाहिलं नाही. काही वर्षांनी ती गेली.

मी नंतर दौलताबादला गेले, मुलीला घेऊन. अंधारी पार केली, वर गेले. सगळीकडे नजर फिरवली. डोंगर, रस्ते, दूरवर शहर. खूप दिसत होतं. पण त्यातलं तिनं काय पाहिलं असेल, कशाशी थांबली असेल, ते मला कळेना. मुलगी खाली चल म्हणून ओढत होती. मी तिला म्हटलं, थांब थोडं, आणि पुन्हा बघत राहिले.