वाडीच्या टीव्हीवर डोंगर

मी लग्नाचे व्हिडिओ काढतो. कडावला नाक्यावर माझं छोटं दुकान आहे, आणि उन्हाळाभर कर्जत-खालापूरमधल्या कुठल्या ना कुठल्या मांडवात मी घामाघूम होऊन उभा असतो. स्वभावानं भित्रा. ड्रोन उडवताना तो कुणाच्या तरी डोक्यात पडेल म्हणून माझा जीव टांगणीला लागतो, आणि नवरदेवाचे मित्र त्यावरून माझी यथेच्छ टिंगल करतात. ती भीती मी हसण्यावारी नेतो. गेल्या पावसाळ्यातली मात्र हसण्यावारी नेता आली नाही.

मे महिन्यात डोंगराच्या कुशीतल्या एका ठाकरवाडीतल्या लग्नाचं काम केलं होतं. पाऊस लागला की आमची कामं थांबतात, मग मी एडिटिंगला बसतो. पहिल्याच दृश्यात ड्रोन डोंगरमाथ्यावरून खाली मांडवाकडे येतो. त्या तपकिरी उतारावर मी नवरानवरीची नावं सोनेरी अक्षरांत टाकत होतो. अक्षरांखाली एक वाकडी रेघ येत होती आणि सगळी शोभा घालवत होती, म्हणून नावं वर सरकवली. रेघ तिथवरही वळसा घालून आली होती. वैतागून चित्र मोठं करून पाहिलं. वाडीच्या बरोब्बर वर, उताराला आडवी, काळी रेघ गेली होती. तिच्या खालची जमीन वरच्यापेक्षा खचलेली वाटत होती.

वाट असेल, मी स्वतःशी म्हणालो. डोंगरात वाटा असतातच. पण बाहेर पाऊस कोसळत होता, आणि ती भेग असली तर सगळं पाणी तिच्यातच मुरत असणार होतं. त्या वाडीतली सगळी माणसं माझ्यासमोर पडद्यावर नाचत होती. एकेकाचा चेहरा मला पाठ झाला होता.

तलाठ्यांना फोटो पाठवला. बघायला माणूस पाठवतो म्हणाले, पण त्याला यायला वेळ लागणार होता. वाडीच्या खालच्या गावात शाळा आहे. तिथल्या गुरुजींना विचारून ठेवलं, की गरज पडली तर वर्ग उघडून द्याल का. ते लगेच हो म्हणाले, आणि त्यांच्या त्या लगेच हो म्हणण्यानं मला आणखीच भीती वाटली.

एवढ्यात नवरदेव अल्बम न्यायला आला. मी त्याला मोबाईलवर ती रेघ दाखवली. त्यानं अंगठ्यानं मोबाईल पुसला आणि परत केला.

"काच तडकलीय तुमची, दादा. बदलून घ्या."

काच नाही, तुमचा डोंगर आहे, असं सांगितल्यावर त्यानं मोबाईल पुन्हा हातात घेतला. मग म्हणाला, "वाट असंल. मला काय म्हाईत? मी कंपनीत जातो, मी कवा चढतोय वर? आजीला इचारा. पन तिला मोबाईलवर काय दिसनार? आमच्या टीव्हीवर दाखवा. लग्नाचा व्हिडिओ बघायला येतीलच सगळी."

हे खरं होतं. लग्नाचा व्हिडिओ कुणी एकट्यानं बघत नाही. नवरदेवाच्या घरात अख्खी वाडी जमते, प्रत्येक जण आपला चेहरा यायची वाट बघतो, आणि एखादा राहिला तर पुढची दोन लग्नं मला ऐकून घ्यावं लागतं.

एरवी मी पेनड्राईव्ह देऊन मोकळा होतो. पण पेनड्राईव्हवर तो डोंगर डोळ्यांपुढून झर्रकन निघून जाणार. मला चित्र थांबवायचं होतं, मोठं करायचं होतं, बाण फिरवायचा होता, म्हणजे माझा लॅपटॉपच टीव्हीवर दिसायला हवा होता. केबल होती माझ्याकडे, जेमतेम दोन हात लांब. त्यांचा टीव्ही आढ्याच्या खाली टांगलेला. मला बसायचं होतं आजीच्या शेजारी.

म्हणून खोपोलीला शिळफाट्यावर गेलो. तिथल्या दुकानदाराकडून मी बऱ्याच वर्षांपासून बॅटऱ्या आणि कार्डं घेतो. मी त्याला भाई म्हणतो, तो मला कलाकार म्हणतो. त्यात किती आदर आहे ते अजून कळलेलं नाही.

"ही घे," त्यानं टीव्हीच्या मागं खोचायची एक काडी काढली. "हल्ली सगळे हीच नेतात. वायफायला जोडायची, की झालं. वायफाय आहे ना तिथं?"

"वायफाय कुठलं, भाई? फोन लावायला खडकावर चढावं लागतं."

त्यानं काडी परत ठेवली. मग मागच्या कपाटातून एक जोडी काढली. दोन ठेंगणे तुकडे, एक लॅपटॉपला लावायचा आणि एक टीव्हीला. "हे दोघं आपसात बोलतात. नेट लागत नाही, कुणी तिसरा लागत नाही. फक्त चित्र किंचित उशिरा पोचतं. चालेल?"

चालेल म्हणालो, पण लावून दाखव म्हणालो. त्यानं दुकानातल्या टीव्हीला जोडलं. मी सोबत नेलेल्या लॅपटॉपवर जे उघडं होतं तेच भिंतभर आलं. मी स्वतः ती रेघ एवढी मोठी कधी पाहिली नव्हती.

भाई टीव्हीजवळ गेला. "खाली माणसं राहतात?"

"हो. वाट असेल ती," मी म्हणालो.

"इन्शाअल्लाह, वाटच असेल," तो म्हणाला. त्यानं ती जोडी डब्यात भरली, डब्याभोवती प्लास्टिकच्या दोन पिशव्या गुंडाळल्या आणि मला कलाकार न म्हणता नीट जा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाडीत पोचलो. चढताना मी वर बघितलं नाही. ढग इतके खाली होते की बघूनही काही दिसलं नसतं. घर माणसांनी भरलेलं, चुलीवर चहा, पोरं टीव्हीखाली दाटीवाटीनं बसलेली. तुकडे जोडले तर टीव्ही निळाच्या निळा. पुन्हा जोडले. पुन्हा निळा. तिसऱ्यांदा चित्र आलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसलो.

आधी डोंगर दाखवतो म्हणालो, तर कुणी ऐकेना. "डोंगर काय रोजच बघतो की! लगीन लाव!" मग लग्न लावलं. हळद झाली, वरात झाली, कुणाचा तरी काका नाचताना पडला तो तुकडा पुन्हा पुन्हा बघून झाला. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि माणसं हसत होती. मी प्रत्येक गडगडाटाला दाराकडे बघत होतो.

शेवटी डोंगर लावला. नवरदेवाची आजी माझ्या शेजारी बसली होती. सुकलेली, ताठ, एका जागी न ठरणारी बाई. तिला म्हणालो, "आजी, यातल्या वाटा सांग मला."

तिला गंमत वाटली. "थांब रं. ह्यो आमचा झरा. ही जांभळ. आता वर ने." मी बाण वर नेला. "हितनं आमी लाकडाला जातो. ही वाट."

ती वाट उभी चढत होती, पिवळट, झाडाझाडांतून जाणारी. काळी रेघ तिला मधोमध छेदून आडवी गेली होती.

"आणि ही?"

आजी पुढं वाकली. हवेतच बोट धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली.

"तिथं वाट नाय."

"गुरं जात असतील."

"गुरं आडवी कुटं जातील? तिथं वर काय हाय? तिथं कुनी जात नाय."

"नीट बघ ना, आजी. शेळ्या तरी?" एवढं यंत्र आणून, एवढं चढून मी त्यांना सावध करायला आलो होतो असं मला वाटत होतं. खरं तर मी आलो होतो तिच्याकडून एकच वाक्य ऐकायला, की येड्या, ती आमची जुनी वाट हाय. अख्खी वाडी मला हसली असती तर मी पुढची सगळी लग्नं फुकट केली असती.

कुणी हसलं नाही.

आजीनं माझ्याकडे बघितलं. "तू भ्यालास व्हय रं?"

"हो."

"लय?"

"लय," मी म्हणालो, आणि गुरुजी खालच्या शाळेचे वर्ग उघडून देणार आहेत तेही सांगितलं.

तिनं पुन्हा एकदा टीव्हीकडे मान वर केली. मग सुनेला म्हणाली, "चुलीवर पानी वत गं."

सून उठली. चहाचं भांडं उतरवलं आणि हंड्यातलं पाणी पेटत्या चुलीत ओतलं. राखेचा फुफाटा उडाला, घरभर धूर झाला. का म्हणून कुणी विचारलं नाही. बायका दाराकडे निघाल्या, शाळेकडे उतरायला पोरांना कुणी ना कुणी कडेवर घेतलं. मी तारा गोळा करत होतो, तेव्हा शेजारच्या घरातून विस्तवावर पाणी पडल्याचा आवाज आला, मग त्याच्या पलीकडच्या घरातून.