वर्ल्डकपपर्यंत काळे केस

केस रंगवणं मला कधीच आवडलं नाही. त्या पेस्टचा उग्र वास, मानेवरून ओघळणारा काळा थेंब, कायमचे डागाळलेले टॉवेल आणि एवढं करून पंधरा दिवसांत भांगात पुन्हा हजर होणारी पांढरी रेघ, या सगळ्यावर माझा राग होता. तरी कतारमध्ये आल्यापासून मी दर तीन आठवड्यांनी मुकाट्याने डोकं पुढे करत होते. रंग लावायचं काम नवऱ्याचं. जुना टूथब्रश घेऊन तो असा मन लावून बसायचा, जणू घराला डिस्टेंपर देतोय.

वर्ल्डकपला अजून तीनेक वर्षं होती आणि सगळं दोहा शहर खणून ठेवलेलं होतं. आमची कंपनी एका स्टेडियमभोवतीचे रस्ते आणि गटारं करत होती. कुठलं काम कधी सुरू होणार, कुठलं कशासाठी अडलंय, याचं वेळापत्रक मी बनवायचे आणि दर रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, वेस्ट बे भागातल्या ऑफिसात क्लायंटसमोर मीच मांडायचे. तो एक तास माझा होता. बाकी आठवडाभर मी इतरांच्या चुका निस्तरत असे, पण त्या तासात लोक माझं ऐकायचे.

आमचे साहेब पुण्याचे. एरवी मला मॅडम म्हणायचे, काही गळ्यात मारायचं असलं की ताई. एका रविवारी लिफ्टमध्ये माझ्या भांगाकडे बघत म्हणाले, "ताई, रूट्स दिसतायत. क्लायंटसमोर जरा फ्रेश दिसायला पाहिजे ना?" स्वतःचे केस आणि मिशी बूटपॉलिशसारखी काळी. उन्हाळ्यात साइटवर गेले की कानशिलावरून काळा ओघळ थेट कॉलरवर यायचा. ते कुणी त्यांना सांगत नसे.

बरं, या देशात रंग टिकतो म्हणावं तर तेही नाही. उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी अशी तापते की गार पाण्याच्या नळाला चहाचं पाणी येतं. त्या पाण्याने केस धुतले की काळ्याचा आठवड्यात तपकिरी होतो. म्हणून आम्ही मे महिन्यापासून गीझर बंद ठेवायचो आणि त्यातलं निवलेलं पाणी वापरायचो. शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याच्या कॅनमधला. शाम्पू आठवड्यातून दोनदाच, तोही सौम्य. आदल्या रात्री खोबरेल तेल, साइटवर हेल्मेटखाली सुती रुमाल. एवढी काळजी मी पोराचीही घेतली नव्हती. एकच गोष्ट करत नसे. कानामागे थेंबभर रंग लावून दोन दिवस वाट बघा, असं प्रत्येक डबीवर लिहिलेलं असतं. इतकी वर्षं लावतेय, मला काय होतंय, असं म्हणून मी सोडून द्यायचे.

मग एका शुक्रवारी रंग लावला आणि शनिवारी सकाळी डोळे उघडेनात. पापण्या टम्म सुजलेल्या, कानामागून पाणी गळतंय, टाळूला आग लागलेली. डॉक्टरीण अरबी होती. माझं डोकं बघून तिने हातच झटकले. "खलास, मॅडम. नो मोर डाय." वर्षानुवर्षं चाललेला रंगही एक दिवस असा उलटतो म्हणाली, आणि पुन्हा लावला तर याहून वाईट होईल. मी अमोनिया नसलेल्या रंगाबद्दल विचारलं. त्यातही बाधणारं रसायन तेच. काळ्या मेंदीतही तेच.

मी रंग बंद केला. पांढरी रेघ वाढत वाढत पट्टा झाली. त्या पट्ट्याखाली जुना काळा रंग लोंबत होता. साहेबांनी दोन महिने पाहिलं आणि मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही फक्त स्लाइड्स बनवा. प्रेझेंट मी करतो. तुम्हालाही आराम." मला आराम नको होता. मला माझा तास हवा होता. त्याच मीटिंगमध्ये क्लायंटचा गोरा सल्लागार बसायचा, डोकं कापसासारखं पांढरं. साहेब कौतुकाने सांगायचे, "त्याच्याकडे बघितलं तरी एक्सपीरियन्स दिसतो." तोच रंग माझ्या डोक्यावर आला की एक्सपायरी डेट दिसत होती.

घरी नवऱ्याने निराळीच डबी आणून ठेवली. "यात म्हणे केमिकल कमी आहे. अगं, वर्ल्डकपपर्यंत नोकरी आहे, तोवर तरी लाव."

"अहो, माझे डोळे गेले असते!" मी ओरडले. डबी कचऱ्यात टाकली आणि तशीच बाहेर पडले. घराजवळच्या, अल वक्रा भागातल्या लेडीज सलूनमधल्या फिलिपिनो मुलीला म्हटलं, काळं तेवढं सगळं काप. तिने दोनदा विचारलं, "शुअर, मॅडम?" उठले तेव्हा डोक्यावर दोन बोटं पांढरे केस उरले होते. नवऱ्याने दार उघडलं आणि भिंतीला टेकला. "अगं, मी जिवंत आहे अजून!"

"माहितीये," मी म्हटलं, "जेवायला वाढते."

रविवारी ऑफिसात साहेब मला बघून जागेवरून उठले. इतक्या वर्षांत प्रथमच. मला बाजूला घेतलं आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "ताई, सांगायचं नाही का? किमो चालू आहे का? अहो, लढताय तुम्ही! आजचं प्रेझेंटेशन तुम्हीच करा. सगळ्यांना प्रेरणा मिळेल." त्यांचे डोळे खरंच ओले झाले होते. मला फक्त मान हलवायची होती, माझा तास मला परत मिळत होता.

"मला काहीही झालेलं नाही," मी म्हटलं. "मी त्रेपन्न वर्षांची आहे, एवढंच झालंय."

त्यांचा चेहरा बघता बघता कोरडा झाला. घड्याळाकडे बघत म्हणाले, "मग... आज राहू दे. मीच करतो." आजारी बाईला त्यांच्याकडे जागा होती. म्हातारीला नव्हती.

तेवढ्यात क्लायंटची माणसं आत आली. मी लॅपटॉप उचलला, साहेबांच्या अंगावरून पुढे गेले आणि त्या पांढऱ्या डोक्याच्या सल्लागाराशेजारची खुर्ची ओढून बसले. साहेब दाराशी उभेच होते.

"यल्ला," मी म्हटलं, "सुरू करू या."