गावरान कोंबडी आणि ओढ्यापलीकडचा बिबट्या

माझा धाकटा भाऊ दिनकर बासष्ट वर्षांचा आहे, पण कोंबडीचं नाव काढलं की त्याचा चेहरा शाळेची सहल निघाल्यासारखा होतो. मार्चच्या सुरुवातीला त्याने मला एक व्हिडिओ पाठवला. शेतात बाज, बाजेवर पोट सुटलेले चार पुरुष, समोर काळ्या रश्श्याचं पातेलं आणि खाली मजकूर : ‘निसर्गाच्या कुशीत अस्सल गावरान’. पाठोपाठ फोन. “ताई, जुन्नरला जाऊ, तिथून भीमाशंकर. देव तुझा, कोंबडी माझी.”

मी हो म्हटलं. आधीच सांगून टाकते, मी मटण-कोंबडी खाणारी बाई आहे. तेव्हा पुढचं वाचून आमच्या सोसायटीतल्या शाकाहाऱ्यांनी टाळ्या पिटू नयेत. दर लग्नात पनीर ओरपताना ते झाडाला लागतं अशी त्यांची समजूत असते.

नाशिक रस्त्याने जाणार असाल तर पुण्यातून सहाच्या आत निघा. आम्ही आठला निघालो आणि चाकणच्या चौकात पाऊण तास कंटेनरच्या मागच्या दाराकडे बघत बसलो. मंचरला चहा, नारायणगावला डावीकडे वळण, आणि मग दोन्ही बाजूंना ऊस, द्राक्षं आणि मध्ये मध्ये लांबलचक पत्र्याची शेडं. दिनकरला वाटलं गोदामं आहेत. काच खाली केल्यावर वासाने त्याचा गैरसमज दूर केला.

आमचा मुक्काम जुन्नरच्या अलीकडे एका वस्तीवर, मंदाताईंकडे होता. नवरा चाकणच्या कंपनीत, आठवड्याला घरी येतो. त्या दोन म्हशी, दोन पाहुण्यांच्या खोल्या आणि चूल असं सगळं एकटीने बघतात. माणशी बाराशे, दोन जेवणं आणि नाश्ता धरून. खोली स्वच्छ, गरम पाणी बंबाचं. माशा मात्र इतक्या, की चहाच्या कपावर बशी उपडी घालून घोट घोट प्यावा लागतो. “शेडाच्या हायेत,” मंदाताई म्हणाल्या, “पाव्हण्यांना सांगते, म्हशींच्या हायेत. म्हशींचं कुणाला वाईट वाटत न्हाई.”

संध्याकाळी पानं मांडली. दिनकरने पहिला घास घेऊन डोळे मिटले आणि म्हणाला, “याला म्हणतात गावरान!”

मंदाताई भाकरी थापत हसल्या. “अवो भाऊ, गावरान एवढी कुठनं आणू? शनवारी नुसती जेवाया येणारी धरून चाळीस पान उठतंय. ही बी शेडातलीच, रंगानं तांबडी येवढंच.”

दिनकरने डोळे उघडले. खाणं थांबवलं नाही.

शेड मंदाताईंच्या धाकट्या दिराचं, संपतचं. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, दीड महिन्याने टेम्पो येऊन पक्षी घेऊन जाते. मी चौतीस वर्षं भूगोल शिकवला. कुठे काय पिकतं याची जुनी खोड म्हणून त्याला विचारलं, खाद्य कुठून येतं? मका कुठला, सोयाबीन कुठलं? “ट्रकनं येतं,” संपत म्हणाला. मका एका जिल्ह्यातला, सोयाबीन दुसऱ्या राज्यातलं, पाणी इथल्या विहिरीचं, घाण इथल्या ओढ्याला आणि तंगडी पुण्याला. आणि बाजेवरचे चौघे म्हणणार, निसर्गाची कूस.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मला जाग आली ती भांडणाने. मंदाताई दुधाची किटली घेऊन अंगणात उभ्या होत्या, समोर संपत दात घासत होता.

“भावजी, मी त्या वाटंनं जायाची न्हाई. तुमी माझ्याम्होरं चला.”

“वहिनी, बॅटरी घ्या की. बॅटरीला भेतंय त्ये.”

“परवा माझ्या डोळ्याम्होरं कुत्रं उचाललं त्यानं! बॅटरी माझ्या हातातच व्हती.”

प्रकरण असं होतं. डेअरीची वाट ओढ्यावरून जाते. सडकेने फेरा मारला तर संकलनाची वेळ टळते आणि दूध घरी परत येतं. आणि त्याच ओढ्याकाठी, उसाच्या कडेला, संपत रोज शेडातल्या मेलेल्या कोंबड्या टाकतो. त्या खायला बिबट्या येतो. हजारोंनी पक्षी एकत्र कोंबले की रोज काही मरतातच, उन्हाळ्यात जास्त. चुना टाकून खड्ड्यात पुरायच्या असतात. खड्डा मंदाताई वर्षभर मागत होत्या.

त्यांच्यासोबत मीही निघाले. दिनकरलाही उठवलं. रात्री इतकं आवडीने खाल्लंस, आता त्याची मागची बाजू बघ म्हटलं. ओढ्यावर पोचलो तेव्हा फटफटलं होतं. वर्णन करत नाही, तुम्ही कदाचित जेवताना वाचत असाल. पांढरी-तांबडी पिसं बाभळीला अडकलेली, पाण्यावर तवंग, चार कुत्री आणि ओल्या मातीत, अगदी पायवाटेवर, माझ्या पंजाएवढा ठसा. दिनकर म्हणाला, “ताई, चल मागे.” मंदाताई म्हणाल्या, “भाऊ, मला रोज म्होरं जावं लागतं.”

त्या दिवशी सकाळी वनखात्याचा एक तरुण वनरक्षक येणार होता. संपतने पिंजऱ्यासाठी अर्ज केला होता. आम्ही परतलो तोवर तो अंगणात पोहे खात बसला होता.

“पिंजरा लावू,” तो म्हणाला, “हा जाईल, पंधरा दिवसांत दुसरा येईल. तुम्ही पंगत मांडून ठेवलीय दादा.”

“सायेब, त्यात आयडिया हाय,” संपत म्हणाला. “त्याला तिकडं ओढ्यावर पोटभर भेटलं, की त्ये शेडाकडं फिरकत न्हाई. मी मुद्दाम टाकतो.”

अशी बुद्धी मी वर्गात शेवटच्या बाकावरही पाहिली नव्हती. मी विचारलं, “पिंजऱ्यात आमिष म्हणून काय ठेवता?”

“शेळी. न्हाईतर कोंबडी,” वनरक्षक म्हणाला.

“म्हणजे रोज उघड्यावर फुकट मिळतं तेच खायला तो पिंजऱ्यात शिरेल?”

वनरक्षकाने बशीत बघून हसू लपवलं. संपत मला म्हणाला, “मॅडम, तुमी पाव्हण्या. आराम करा. रात्री तुमच्या ताटात काय व्हतं, त्ये मी काय बोललो का?”

ते बरोबर होतं, आणि म्हणूनच मला भयंकर राग आला. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर असं पकडायच्या, गालावर चापट न मारता.

अकराच्या सुमाराला ऊन चढलं आणि संपत शेडाकडून पळत आला. “वहिनी! टाकीत पाणी न्हाई! लाइट गेली का?”

मंदाताई ओसरीत मेथी निवडत होत्या. “लाइट हाय. मोटर बंद हाय.”

विहीर दोघांची, पण मोटर आणि मीटर मंदाताईंच्या नावावर. शेडाची टाकी त्याच मोटरीवर भरते.

“चालू करा की! उन्हाचं दुपारपातूर पाणी न्हाई भेटलं तर लायनीनं मरतील!”

“मरू द्या. बिबट्याला लागतीलच.”

“वहिनी, चेष्टा करू नगा!”

“मी रोज पाटंचं चेष्टाच करत जाते का त्या वाटंनं? खड्डा खणा. खड्डा दिसला की बटण दाबते.”

संपतने दादाला, म्हणजे मंदाताईंच्या नवऱ्याला, फोन लावतो म्हणून धमकावलं. लावलाही. चाकणहून दादाने काय सांगितलं ते कळलं नाही, पण संपतने फोन खिशात ठेवला आणि दुसरा लावला, जेसीबीवाल्याला. पाऊण तासात जेसीबी आला, शेडाच्या मागे पुरुषभर खोल खड्डा झाला, ओढ्याकाठचं सगळं त्यात गेलं, वर चुना पडला. मंदाताईंनी जाऊन खड्ड्यात डोकावून पाहिलं, मगच मोटर सुरू केली. संपत पुटपुटला, “लई शानी झालीया वहिनी.” हे आदराने म्हटलं होतं, असं मी धरून चालते.

दुपारच्या जेवणाला दिनकरने आपणहून पिठलं मागितलं.

तिसऱ्या दिवशी घोडेगाव, डिंभे धरण आणि घाट. धरणाच्या पुढे रस्ता अरुंद, वळणं अंगावर येणारी. पेट्रोल घोडेगावलाच भरा. एसटीने जाणार असाल तर तळेघरपुढच्या गाड्यांची वेळ आधी विचारा, नाहीतर चालत जाल. तळेघरला एका घरी जेवायची सोय होते म्हणून थांबलो. अंगणात हिरडा वाळत घातलेला, म्हातारे आजोबा तो हाताने पसरत होते. नाचणीची भाकरी, वालाची आमटी, लाल मिरचीचा ठेचा. आदल्या दिवशीचा वैराग्याचा झटका ओसरलेल्या दिनकरने विचारलं, “आजोबा, कोंबडं नाही का?”

“हाय की. त्ये काय, आढ्यावर बसलंय.”

“मग?”

“मग काय! भाताची लावणी उरकली की कापायचं. तवर कापलं तर लावणीला माणसं काय ठेचा खाया येतील का?”

वर्षातून दोन-तीनदा, आणि तेही राबलेल्या माणसांसाठी. हा डोंगर हिरवा राहिलाय त्याला फक्त अभयारण्याची पाटी कारण नाही. भीमाशंकरला दर्शनाची रांग दीड तास. सोमवार आणि श्रावण टाळा. पायऱ्यांवर प्लास्टिक टाकणाऱ्या भाविकांबद्दल लिहायला वेगळा लेख लागेल, आणि तो छापण्यासारखा होणार नाही.

घरी येऊन आता सहा आठवडे झाले. मी कोंबडी सोडली म्हणाले तर खोटं ठरेल. राबलेल्या माणसांना जेवू घालायचं असेल तेव्हा आणते, आणि आमच्या घरात राबणारं माणूस मी एकटीच, त्यामुळे फारशी येत नाही. दिनकर रविवारी येतो, आमटी-भात खातो आणि परत जाताना कुठे थांबतो ते मी विचारत नाही.

परवा मंदाताईंना फोन केला. वाटेवर ठसे दिसत नाहीत, कुत्री पांगली, आता त्या एकट्या डेअरीला जातात. मला बरं वाटलं. मग त्या म्हणाल्या, “खड्डा मात्र भरत आला, ताई. दुसरा खणतोय आमच्या बांधाला.”

“इतक्या लवकर?”

“भावजींनी दुसरं शेड घातलंय ना. कंपनीच म्हनली, माल वाढवा.” मागे जेसीबीची घरघर ऐकू येत होती, त्यामुळे त्या ओरडून बोलत होत्या. “तुमच्या पुण्याला लई लागतंय हो!”